गाडी ३० मिलिमीटर खाली घेताना

गाडी ३० मिलिमीटर खाली घ्यायची असेल, तर नवी स्प्रिंग जुन्या स्प्रिंगपेक्षा किती आखूड हवी? पटकन उत्तर येतं, ३० मिलिमीटर. पण लोअरिंग स्प्रिंग खोक्यातून काढून जुन्या स्प्रिंगशेजारी उभी केली, की फरक त्याहून बराच मोठा निघतो. का, ते समजून घेतल्याशिवाय पाना हातात घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. घरी हे काम करताना जे जे सांभाळायचं असतं, त्यातलं बहुतेक याच हिशेबातून निघतं.

मारुती स्विफ्टसारखी हॅचबॅक घेऊ. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब, आणि मागे टॉर्शन बीम, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई. दोन माणसं बसली की वजन साधारण एक टन. पुढच्या एका स्प्रिंगवर त्यातले २६० किलो येतात आणि कंपनीची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला २ किलो लागतात असं धरू. आकडे ढोबळ आहेत, पण हिशेबाला पुरेसे आहेत. गाडी नुसती उभी असताना ही स्प्रिंग १३० मिलिमीटर दबलेली असते. लोअरिंग स्प्रिंग जरा कडक असते. ती सव्वापट कडक, म्हणजे मिलिमीटरला अडीच किलोची धरली, तर त्याच भाराखाली १०४ मिलिमीटरच दबेल. लांबी जुनीच ठेवली, तर गाडी खाली जायची सोडून २६ मिलिमीटर वर येईल. हे २६ आणि आपल्याला हवे असलेले ३० मिळून नवी स्प्रिंग ५६ मिलिमीटर आखूड करावी लागते.

आता गाडी जॅकवर उचला. चाक खाली लोंबतं, शॉकअप पूर्ण लांब होतो. उभ्या स्थितीपासून चाक ८० मिलिमीटर खाली उतरत असेल, तर जुन्या स्प्रिंगमध्ये तरीही ५० मिलिमीटर दाब शिल्लक राहतो आणि ती आपल्या वाट्यांमध्ये, म्हणजे टोकं टेकायच्या बैठकींमध्ये, घट्ट बसून राहते. नव्या स्प्रिंगचं काय? गाडी आधीच ३० मिलिमीटर खाली आहे, म्हणून चाकाला उतरायला ११० मिलिमीटर आहेत, आणि स्प्रिंग दबलेली आहे १०४. म्हणजे चाक पूर्ण लोंबलं, की स्प्रिंग ६ मिलिमीटर सैल! खड्ड्यावरून चाक उडालं की ती जागेवरून सरकणार, खडखडणार.

यावर तोडगा म्हणून स्प्रिंगचे काही वेढे जवळजवळ गुंडाळलेले असतात. गाडी जमिनीवर आली की हे मऊ वेढे एकमेकांना टेकून बंद होतात आणि उरलेले वेढे काम करतात. चाक लोंबलं की तेच उघडतात आणि स्प्रिंगला पकडून ठेवतात. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या वाढली की त्याच प्रमाणात घटतो. वेढे बंद होत गेले की स्प्रिंग आपोआप कडक होत जाते. इतका बारीक विचार करून बनवलेल्या वस्तूऐवजी जुन्याच स्प्रिंगचे दोन वेढे ग्राइंडरने कापणं, किंवा गॅसने तापवून तिला बसवणं, हा धोका आहे. कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही आणि तापवलेल्या पोलादाला दिलेलं पाणी उतरतं. असं करणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

मुळात नवी स्प्रिंग कडक का करावी लागते? खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून जाताना चाक वर येतं आणि त्या धक्क्याची ऊर्जा स्प्रिंगने पोटात घ्यायची असते. ही ऊर्जा चाकाच्या प्रवासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. आधी बंप स्टॉपला, म्हणजे चाकाचा वरचा प्रवास अडवणाऱ्या ठोकळ्याला, टेकेपर्यंत ८० मिलिमीटर जागा असेल, तर जुनी स्प्रिंग ६४ जूल पचवते. गाडी खाली आल्यावर जागा उरते ५० मिलिमीटर. सव्वापट कडक स्प्रिंग तेवढ्यात जेमतेम ३१ जूल घेते, निम्म्याहूनही कमी. पूर्वीइतकीच ऊर्जा घ्यायची, तर स्प्रिंग अडीचपट कडक करावी लागेल आणि तशा गाडीत रोज बसवणार नाही. म्हणून उरलेला धक्का बंप स्टॉपवर येतो. शॉकअपच्या दांड्यावरचा तो फोमसारखा ठोकळा लोअर केलेल्या गाडीत दुसरी स्प्रिंग बनतो. स्प्रिंग बनवणारा आखूड बंप स्टॉप देत असेल किंवा जुना अमुक इतका कापा असं सांगत असेल, तर ते अक्षरशः पाळावं. जुने, भुगा झालेले बंप स्टॉप तसेच ठेवून नवी स्प्रिंग चढवणं म्हणजे काम अर्धवट सोडणं.

शॉकअपचाही प्रश्न आहे. कंपनीच्या स्प्रिंगवर गाडीचा पुढचा भाग सेकंदाला साधारण १.४ वेळा डोलायला बघतो, नव्या स्प्रिंगवर १.५५ वेळा. हे डोलणं शॉकअपने थांबवायचं असतं, आणि तोच शॉकअप ठेवला तर त्याची पकड तुलनेने १० टक्क्यांच्या आसपास कमी पडते. शॉकअप ताजे असतील तर चालतं. ७०-८० हजार किलोमीटर झालेल्या शॉकअपवर नवी स्प्रिंग घालू नये असं माझं मत आहे. काम एकदाच खोलायचं, तर दोन्ही बदलून घ्या.

एवढं करून मिळतं काय? वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो, तो गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात. ती उंची ५५० मिलिमीटर आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १४५० मिलिमीटर धरलं, तर जोराच्या वळणावर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाने वळताना, सुमारे १९० किलो सरकतात. गाडी ३० मिलिमीटर खाली आली की हा आकडा १७९ होतो. फायदा खरा आहे आणि तो नक्की मिळतो, पण आहे ११ किलोंचा.

मॅकफर्सन रचनेत याहून मजेशीर एक गोष्ट घडते. १९५० साली ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सलमध्ये अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना होती. आज आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना तीच असते: एक उभा स्ट्रट आणि खाली एक आडवा लोअर आर्म. वळणावर गाडीचं अंग ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलतं, तो बिंदू या आर्मच्या तिरपेपणावर ठरतो. आर्म चाकाकडे किंचित उतरता असतो तोवर हा बिंदू जमिनीच्या वर राहतो. गाडी खाली घेतली की आर्म आडवा होतो, मग चाकाकडे चढता होतो, आणि हा बिंदू झपाट्याने खाली घसरतो. गुरुत्वमध्य ३० मिलिमीटर उतरला, तर हा बिंदू त्याच्या दुप्पट किंवा अधिकही उतरू शकतो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि त्याच वळणावर अंग कलवणारा जोर वाढतो! नव्या स्प्रिंगच्या कडकपणातला बराच हिस्सा हा वाढलेला जोर सावरण्यातच खर्च होतो. म्हणून रस्त्यावरच्या गाडीसाठी २५-३० मिलिमीटरच्या पलीकडे जाऊ नये. दिसायला ५० मिलिमीटर देखणं असेल, पण गाडी वळणावर बिघडते.

आता प्रत्यक्ष काम. मागची बाजू सोपी आहे. टॉर्शन बीमच्या अनेक गाड्यांत स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. गाडी भक्कम स्टँडवर घ्या, बीमखाली जॅक लावा, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि जॅक सावकाश उतरवा. स्प्रिंग मोकळी होऊन हाताने निघते. फक्त ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, ते बघत राहा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही जाऊ नका.

पुढची बाजू मात्र गंभीर आहे. वायर आणि ब्रेक पाइपच्या क्लिपा सोडवायच्या, स्टॅबिलायझर लिंक (गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याला स्ट्रटशी जोडणारा दुवा) काढायची, चाकाच्या नकलपाशी (चाक ज्यावर बसतं त्या भागापाशी) स्ट्रटचे दोन बोल्ट आणि बॉनेटखालचे कडेचे नट काढायचे, की अख्खा स्ट्रट बाहेर येतो. मधल्या मोठ्या नटाला या वेळी हात लावायचा नाही. त्याच नटाने दबलेली स्प्रिंग धरून ठेवलेली असते. बाहेर काढलेल्या स्ट्रटमध्येही आपल्या हिशेबाप्रमाणे १०० किलोंचा जोर अडकलेला असतो. तो सोडवायला स्प्रिंग कॉम्प्रेसरने ती आणखी ३० मिलिमीटर दाबली, की १६० किलो आणि ६४ जूल. हुक निसटला, तर एवढ्या ऊर्जेने एक किलोचा तुकडा ताशी ४० किलोमीटर वेगाने तोंडावर येऊ शकतो. कॉम्प्रेसरचे दोन हुक बरोबर समोरासमोर लावावेत, हातपान्याने आलटूनपालटून थोडे थोडे आवळावेत, इम्पॅक्ट गन (झटक्यांनी आवळणारं यंत्र) वापरू नये आणि स्ट्रटच्या टोकांसमोर चेहरा आणू नये. स्वस्तातला पातळ कॉम्प्रेसर घेण्यापेक्षा स्ट्रट घरी काढून फक्त स्प्रिंग बदलायला गॅरेजमध्ये न्यावा. तिथलं भिंतीला किंवा स्टँडला बसवलेलं यंत्र हे काम पाच मिनिटांत निर्धोकपणे करतं, आणि उरलेलं काम घरी करण्याचा आनंद काही कमी होत नाही.

जोडताना स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेला टेकलंय का पाहा. मधला नट नवा घ्या आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच, म्हणजे पिळण्याच्या ठरवून दिलेल्या जोरानेच, आवळा. एक गोष्ट फार जण विसरतात: लोअर आर्म आणि मागच्या बीमचे बोल्ट ढिले केले असतील, तर ते चाकं लोंबत असताना आवळायचे नाहीत. त्यांच्या बुशमधलं, म्हणजे बोल्टभोवतीच्या रबरी नळीतलं, रबर दोन्ही बाजूंच्या धातूला चिकटलेलं असतं. हवेत आवळलं, तर गाडी खाली आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. वजन चाकांवर आलं की मगच शेवटचा आवळा द्यायचा.

रस्त्यांचं म्हणाल, तर स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची जागा, १६३ मिलिमीटर, म्हणजे उरले १३३. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच पण ३.७ मीटर रुंद असतो. स्विफ्टची पुढची-मागची चाकं २.४५ मीटर अंतरावर असल्याने दोन्ही एकाच वेळी त्याच्या उतारांवर चढलेली असतात, आणि पोटाखालची जागा फक्त ४४ मिलिमीटर कमी होते. अशा गतिरोधकावर लोअर केलेली गाडी आरामात जाते. पण गल्लीतला वीतभर रुंदीचा डांबराचा उंचवटा तेवढाच उंच असला, तरी पोटाखाली ३३ मिलिमीटरच सोडतो. त्यात मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असलं, की गाडी घासणारच. तुमच्या रोजच्या रस्त्यावर असे उंचवटे असतील, तर स्प्रिंग घेऊच नका.

कायदाही पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नोंदणीतले तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. जर्मनीत अशा स्प्रिंग तपासणीच्या कागदांसह मिळतात आणि बदल तपासून गाडीच्या नोंदीत चढवता येतो. आपल्याकडे आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्यावं.

काम झाल्यावर गाडी काही दिवस चालवा, स्प्रिंग बसू द्या, सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा आणि मगच व्हील अलाइनमेंट करा. खाली आलेल्या गाडीत पुढच्या चाकांची माथी थोडी आत झुकतात, ते फारसं नडत नाही. टो, म्हणजे वरून पाहता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन, बदललेला राहिला, तर मात्र टायरची कड काही हजार किलोमीटरांत झिजते. शेवटी हेडलाइट. पुढचा आणि मागचा भाग सारखा उतरला नसेल, तर झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो किंवा रस्त्यावर जवळच पडतो. संध्याकाळी सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून तो स्क्रूने जुळवून घ्या.