एआय एजंटला तुमची नर्सरी कळू द्या : टूलचं वर्णन असं लिहा

राम राम मंडळी. केळी रोपांच्या नोंदी ठेवायच्या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आता एआय एजंट आलाय, म्हणजे फोनवर नुसतं विचारायचं की बॅच १२ मध्ये किती रोपं शिल्लक आहेत, तो रेकॉर्ड बघून सांगतो. पण रावेर, यावल, चोपड्याकडून फोन येतात की भाऊ, हा कधीकधी भलतंच सांगतो. आम्ही जाऊन बघतो तर बहुतेक वेळा टूलचं वर्णन अर्धवट असतं.

एजंट तुमच्या रेकॉर्डला थेट हात लावत नाही. शोधायचं एक टूल, विक्री लिहायचं दुसरं, मेलेली रोपं वजा करायचं तिसरं, अशी टूलं त्याला दिलेली असतात. आतला कोड त्याला दिसत नाही, फक्त टूलचं नाव, वर्णन आणि कोणत्या रकान्यात काय भरायचं एवढंच तो वाचतो अन त्यावरून ठरवतो. म्हणून त्या चार ओळी महत्त्वाच्या, आणि त्या तुम्हीच लिहाव्यात असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण नर्सरीतली भाषा तुम्हाला माहीत.

आता हे बघा. एका ग्राहकाकडे "बॅच काढा" नावाचं टूल होतं, वर्णन पण तेवढंच. ते बॅच रद्द करायचं टूल होतं. जूनच्या गर्दीत पोराने एजंटला सांगितलं "बॅच ७ काढून दे", त्याला ती बघायची होती, आणि एजंटने बॅच रद्द केली. बॅकअप होता म्हणून नोंद परत आली. ते वर्णन आम्हीच लिहिलेलं होतं. तेव्हापासून टूलच्या नावात "काढा" शब्द आम्ही ठेवतच नाही, "दाखवा" नाहीतर "रद्द करा" असं सरळ लिहितो, आणि रद्द करायच्या टूलमध्ये "आधी मालकाला विचारून हो घ्या" हे वाक्य टाकतोच. नुसत्या वाक्यावर भरवसा नको म्हणून सॉफ्टवेअरमध्ये पण आता अडवणूक लावलीये.

आपल्याकडचे शब्द तर फोडून सांगावेच लागतात. कांदेबाग म्हटलं की एजंट कांद्याकडे जाऊ शकतो, त्याला लिहून द्या की ही सप्टेंबर-ऑक्टोबरची केळी लागवड, आणि मृगबाग म्हणजे जून-जुलैची. "मर" चं पण तसंच, नर्सरीत मर किती झाली म्हणजे किती रोपं दगावली, पण मर नावाचा बुरशीचा रोग पण आहे, मग आकडा रोगाच्या खात्यात जाऊन बसतो.

चांगलं वर्णन कसं दिसतं ते सांगतो. नाव : बॅच_शिल्लक_दाखवा. वर्णन : "एका बॅचमध्ये आज विक्रीला तयार असलेली रोपं नगात दाखवतं. बुकिंग झालेली रोपं यात धरलेली नाहीत. प्रायमरी हार्डनिंगमधली (लॅबमधून आल्यावर बाहेरच्या हवेची सवय होत असलेली) रोपं हवी असतील तर हे टूल वापरू नका, हार्डनिंग_दाखवा वापरा. बॅच नंबर फक्त आकड्यात द्या, उदाहरणार्थ १२. बॅच सापडली नाही तर तसं सांगा, अंदाजाने आकडा देऊ नका." लांब वाटतं, पण यातलं एक वाक्य पण फालतू नाही. कधी वापरायचं नाही हे बरेच जण लिहीत नाहीत, आणि दोन टूलं एकसारखी दिसली की तिथेच गडबड होते.

एकक विसरू नका. ५ बाय ५ फुटावर एकरी साधारण १७४२ रोपं लागतात, हेक्टरी साधारण ४३००. रकान्याचं नाव नुसतं "क्षेत्र" असेल अन शेतकऱ्याने एकर धरून नुसतं २ म्हटलं, एजंटने ते हेक्टर समजलं, तर ऑर्डर अडीचपट होऊन बसेल. "क्षेत्र_एकर" लिहा, विषय संपला. ट्रे की नग, तारीख लॅबमधून रोपं आल्याची की शेतकऱ्याला दिल्याची, हे पण तसंच स्पष्ट पाहिजे.

लिहून झालं की तुमच्या माणसांनी खरंच विचारलेले १५-२० प्रश्न घ्या, व्हॉट्सॲपवर पडलेले असतातच, जसे टाइप केलेत तसेच एजंटला विचारा आणि त्याने कोणतं टूल निवडलं ते सॉफ्टवेअरमधल्या इतिहासाच्या (झालेल्या कामांच्या) पानावर बघा. चुकलं तिथलं वर्णन सुधारा, परत तेच प्रश्न विचारा. हे काम मृगबागेची गर्दी सुरू व्हायच्या आधी उरका. अडलं तर ते प्रश्न घेऊन ऑफिसला या, सोबत बसून लिहू, त्याचे वेगळे पैसे नाहीत.