चौकट, इस्पिक, बदाम, किलवर

संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर चार पोरं कठड्यावर बसली होती. चौघांच्या माना मोबाईलवरच्या खेळात. माझ्या बाकावरचे आजोबा म्हणाले, "एकत्र येतात आणि एक शब्द बोलत नाहीत." खरं तर ती अखंड बोलत होती: "मागे बघ!", "थांब, रिव्हाइव्ह करतो!"

इतरांसोबत असं खेळायचं हे वेड मोबाईलपेक्षा जुनं. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 1978 पासून 'मड' नावाचा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा संगणकावरचा खेळ घडवला. त्यात चित्रं नाहीत, नुसता मजकूर. खेळणाऱ्यांना नेमकं काय हवं असतं, यावर बार्टलने 1996 मध्ये पत्त्यांच्या भाषेत उत्तर दिलं. चौकटवाले गुण आणि खजिना जमवतात. इस्पिकवाले कानाकोपरा धुंडाळतात. बदामवाल्यांना गप्पा हव्यात, खेळ हे निमित्त. आणि किलवरवाल्यांना दुसऱ्याला छळण्यात मजा येते. (कॅरमच्या प्रत्येक अड्ड्यावर एक किलवरवाला असतोच.)

मांडणी झकास, पण ती निरीक्षणातून आलेली, मोजमाप नव्हतं. ते संशोधक निक यी यांनी केलं. सुमारे 3000 खेळाडूंच्या उत्तरांतून 2006 मध्ये त्यांना तीन मोठ्या प्रेरणा दिसल्या: काही मिळवणं, माणसं जोडणं आणि त्या जगात बुडून जाणं. गंमत म्हणजे या एकमेकींच्या आड येत नाहीत. एकच पोरगा चौकटही असतो आणि बदामही.

मला मात्र त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास जास्त आवडतो. निकोलस दुशेनो आणि सहकाऱ्यांनी (त्यांत यीही होते) 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळातल्या खेळाडूंच्या हालचाली नोंदवल्या. हजारोंच्या त्या गर्दीत बरेच जण, विशेषतः सुरुवातीच्या पातळ्यांवर, चक्क एकटेच खेळत होते! मग एकट्याचा खेळ का नाही घ्यायचा? संशोधकांच्या मते इतर खेळाडू तिथे सोबती कमी आणि प्रेक्षक जास्त असतात. मिळवलेलं चिलखत मिरवायला कुणीतरी बघणारं लागतं. शिवाय आजूबाजूला माणसांची जाग असते आणि त्यांची गंमत बघायला मिळते.

हे आजोबांना सांगितलं. ते रोज याच बाकावर एकटे बसतात. घरी बाल्कनी नाही का, विचारलं.

"आहे ना, मोठी आहे," ते म्हणाले, "पण तिथून नुसती पार्किंग दिसते."