फाइल ड्राइव्हमध्ये आहे, सर्च म्हणतो नाही

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला सदाशिव पेठेतून मामांचा फोन. "अरे त्या काळ्या डब्यातलं सगळं उडालं बहुतेक, सातबारा सापडत नाहीये." काळा डबा म्हणजे त्यांची २ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क, बॅकअपची. म्हटलं मामा, तुम्ही आता काही करू नका, फॉरमॅट करू का असं विचारलं तर 'नो' दाबा, मी उद्या येतो.

गेल्यावर आधी ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितलं, १.४ टीबी भरलेली. म्हणजे उडालं वगैरे काही नाही, सर्चच खोटं बोलतोय. खरं तर खोटंही नाही, तो त्याच्या वहीत बघून सांगतोय.

मामींची एक वही आहे, माळ्यावर कुठल्या ट्रंकेत काय ते लिहिलेली. परात हवी असली की त्या माळ्यावर चढत नाहीत, वही बघतात. कॉम्प्युटरचा इंडेक्स तसाच, कुठला शब्द कुठल्या कुठल्या फाइलमध्ये आहे याची आधीच करून ठेवलेली यादी, म्हणून अर्ध्या सेकंदात उत्तर येतं. पण विंडोज ही वही साधारण तुमच्या युजर फोल्डरपुरती लिहितं, बाहेरून लावलेला ड्राइव्ह त्यात आपोआप येत नाही. शिवाय वही राहते त्या कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हवर, त्यामुळे तोच ड्राइव्ह भाच्याच्या लॅपटॉपला लावला तर तिथे पाटी कोरी. मॅकचं उलट, तिथला सर्च, म्हणजे स्पॉटलाइट, प्रत्येक ड्राइव्हची वही त्याच ड्राइव्हवर एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं. मला ही पद्धत जास्त पटते, ट्रंकेची यादी ट्रंकेतच.

वही नसेल तर विंडोज खरंच माळ्यावर चढतं, म्हणजे एकेक फोल्डर उघडून बघतं, आणि तेही नुसती नावं, आतला मजकूर नाही. मजकूर शोधायला सांगितला तर हिशोब करा. असली डिस्क मिनिटाला ५४०० वेळा फिरते, एका फेरीला ११ मिलिसेकंद, आणि फाइली विखुरलेल्या असल्या की प्रत्येक वेळी वाचणारं हेड जागेवर न्यायचं आणि बरोबर जागा खाली फिरून येईपर्यंत थांबायचं. हे सगळं सोडा, सलग सेकंदाला १०० एमबी वाचलं असं धरलं तरी १.४ टीबीला जवळपास चार तास लागतात. मामा चार मिनिटं थांबले होते. त्यात केबल जुन्या यूएसबी २ च्या पोर्टला लावलेली, तिथे निम्म्याहून कमी स्पीड.

मग कंट्रोल पॅनेलमध्ये इंडेक्सिंग ऑप्शन्स, मॉडिफाय, आणि त्या ड्राइव्हला टिक. पहिल्यांदा वही लिहायला तास दोन तास किंवा रात्रभरही लागेल, लागू दे, ड्राइव्ह काढायचा नाही. आणि डिस्क मॅनेजमेंटमधून ड्राइव्हला एकच अक्षर कायमचं देऊन टाका, आज ई उद्या एफ झालं की वहीतले पत्ते चुकतात.

रात्रभर चालू ठेवून सकाळी बघितलं तर तरी सातबारा नाही! आणि इथे खरी गंमत आहे, आपल्या मराठीची. फाइलचं नाव होतं 'सातबाऱ्याचा उतारा'. हा जो ऱ्य आहे तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक आकडा देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ऱ हे वेगळंच अक्षर असतं आणि पुढे हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब, पण कॉम्प्युटर आकार बघत नाही, आकडे बघतो, आणि आकडे वेगळे. मामांनी फाइलला नाव दिलं जुन्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डने, शोधताना तेच नाव टाकत होते नव्या कीबोर्डने. नुसतं 'उतारा' टाकलं, चार फाइली आल्या, त्यातली तिसरी तीच.

मजकुरात मात्र 'सातबारा' शोधून ती कधीच आली नसती, कारण पीडीएफ स्कॅन केलेली. म्हणजे तो फोटो आहे, ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं, केल्याशिवाय त्यात एकही अक्षर नाही. तसंच अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपी करून घेतलेले मामांचे जुने लेख, ते युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत, आत साठवलेली अक्षरं इंग्रजीची, फॉन्टने फक्त मराठी सोंग दिलेलं. काही बॅकअप सॉफ्टवेअर तर सगळ्या फाइली एकाच मोठ्या गाठोड्यात बांधून ठेवतात, तिथे त्याच सॉफ्टवेअरने गाठोडं उघडल्याशिवाय सर्चला काही दिसत नाही.

मामांना म्हटलं, पुढच्या वेळी नाव 'सातबारा उतारा' असं द्या, तो ऱ्या टाळा.

"सातबाऱ्याचा हेच बरोबर आहे," मामा म्हणाले. "तुमच्या कॉम्प्युटरला येत नाही म्हणून मी विभक्ती सोडणार नाही."