‘पश्चात्ताप’ की ‘प्रायश्चित्त’? वऱ्हाडातल्या मंडळ्यांमधल्या एका जुन्या घोळाची पार्श्वभूमी

सभासद चुकतो, कमिटी बसते, सहा महिने त्याचे प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) बंद होते. सहा महिन्यांनी तो परत येतो आणि म्हणतो, “भोगलं ना मी, आता काय राह्यलं?” विदर्भातल्या खेड्यापाड्यांच्या ख्रिस्ती मंडळ्यांत हे बोलणे नवे नाही. कमिटीला ते उद्धटपणाचे वाटते. पण त्या माणसाने भाषा बरोबरच वापरलेली असते. घोळ त्याच्या आधीपासूनचा आहे.

मराठी बायबलात येशूच्या प्रचाराची सुरुवात ‘पश्चात्ताप करा’ अशी होते (मत्तय ४:१७). मूळ ग्रीक शब्द ‘मेतानोइया’, म्हणजे मन बदलणे. त्यामागे जुन्या करारातल्या संदेष्ट्यांचे हिब्रू ‘शूब’ उभे आहे, म्हणजे चालती वाट सोडून परत फिरणे. मराठी शब्दाची फोड मात्र पश्चात् आणि ताप अशी. काम होऊन गेल्यावर मागून होणारी जळजळ. जळजळ ही भावना झाली, फिरणे ही कृती. ग्रीक मजकुरात हा फरक दिसतो: येशूला धरून देणाऱ्या यहूदाला वाईट वाटले, तिथे (मत्तय २७:३) क्रियापदच दुसरे आहे. त्याने तीस नाणी परतही केली, पण याजकांना. ज्याला धरून दिले त्याच्याकडे तो फिरला नाही. हिंदी बायबलने ‘मन फिराओ’ म्हणून ही अडचण टाळली.

‘प्रायश्चित्त’ हा शब्द याहून अवघड. रोजच्या मराठीत प्रायश्चित्त चुकणारा घेतो. गावच्या जुन्या चालीत त्याचा अर्थ जातपंचायतीने ठरवलेला दंड किंवा जेवणावळ. ती उरकली की माणूस पंगतीत परत. मराठी बायबलात (१ योहान २:२) प्रायश्चित्त आहे स्वतः ख्रिस्त, म्हणजे चुकणाऱ्याने काही भरायचे शिल्लकच नाही. एकच शब्द, दोन उलट दिशा. त्यात कॅथलिक परंपरेत पापनिवेदनाच्या संस्कारालाही हाच शब्द लागतो. त्याचे तीन भाग ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने १५५१ मध्ये पक्के केले: मनापासून खेद, धर्मगुरूपुढे कबुली आणि त्याने नेमून दिलेली भरपाई. शेजारच्या गावातला कॅथलिक पाहुणा आणि घरचा प्रोटेस्टंट यजमान ‘प्रायश्चित्त’ म्हणतात तेव्हा दोघांच्या डोक्यात वेगळी गोष्ट असते, आणि दोघांच्याही मागे जातपंचायतीची सावली असते. सहा महिन्यांची बंदी ‘भोगणारा’ सभासद तिसऱ्याच अर्थाने बोलत असतो.

हा घोळ फक्त मराठीचा नाही. लॅटिन बायबलातल्या शब्दांचा अर्थ पश्चिमेत ‘प्रायश्चित्त करा’ असा घेतला जाई, आणि १२१५ पासून वर्षातून एकदा तरी कबुलीला जाणे सक्तीचे झाले. १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापून आला, विद्वानांनी मूळ शब्द पाहिला, आणि पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथर या जर्मन मठवासी प्राध्यापकाने आपल्या पंच्याण्णव विधानांतले पहिलेच विधान यावर केले: विश्वासणाऱ्याचे सबंध आयुष्यच पश्चात्तापाचे असावे. सबंध आयुष्य म्हणजे सहा महिने नव्हेत.

वऱ्हाडापुरता खरा महत्त्वाचा धागा यानंतरचा, इंग्लंडातल्या मेथडिस्ट चळवळीचा. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या एका सभागृहाचे कर्ज फेडायचे होते. सभासदांचे बाराबारांचे वर्ग पाडले, प्रत्येकी आठवड्याला एक पेनी, आणि ती गोळा करायला एक वर्गपुढारी. पैसे मागायला दारोदार गेल्यावर पुढाऱ्यांना घरातली भांडणे, दारू, उधारी दिसू लागली, आणि वसुलीचा वर्ग हळूहळू वागणूक तपासणारा वर्ग बनला. पुढच्याच वर्षी नियम छापले गेले. त्यांचे तीन गट: कोणाचे वाईट करू नका, चांगले करा, देवाने नेमलेल्या साधनांना धरून राहा. याच परंपरेतून अमेरिकेत पवित्रीकरणावर, म्हणजे विश्वासणाऱ्याचे जगणे पवित्र होण्यावर, भर देणाऱ्या मंडळ्या निघाल्या. १८६० मध्ये निघालेल्या एकीने चर्चमधल्या बाकांचे भाडे घेणे आणि गुलामगिरी दोन्ही नाकारले. तिचे कार्यकर्ते पुढे यवतमाळ भागात आले. अकोला-अमरावतीकडे आणि नंतर वाशीम-बुलढाण्याकडे आलेल्यांचा ओढाही पवित्र जीवनाकडेच होता. म्हणून वऱ्हाडातल्या प्रोटेस्टंट मंडळीत ‘तारण (पापातून सुटका) झालं का?’ इतकाच ‘जगणं कसं आहे?’ हा प्रश्न वजनदार राहिला.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पोरकी झालेली मुले अनाथाश्रमांत आली. त्यांना देवाचा मापदंड प्रथम भेटला तो घंटेच्या रूपात: उठणे, प्रार्थना, शाळा, काम, दिवा मालवणे. तीच मुले पुढे बायबलवाचक, शिक्षक, पाळक झाली. १९०५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या उज्जीवनात (श्रद्धा नव्याने पेटण्याच्या लाटेत) मोठ्याने रडून पाप कबूल करणे घडले, आणि उज्जीवन सभांचा हा साचा मराठी मुलखात ओळखीचा झाला.

या दोन्हींतून मापदंडाची एक यादी घट्ट झाली: दारू नाही, तंबाखू नाही, सिनेमा नाही. यादीत चूक काही नाही. अडचण एवढीच की ती सगळी दिसणाऱ्या गोष्टींची आहे. बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा १९ वा अध्याय ‘तुम्ही पवित्र असा’ असे सांगून सुरू होतो आणि थोड्याच ओळींत शेतात शिरतो. कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत पीक कापू नका, सरवा गरिबांसाठी सोडा (१९:९). मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नका (१९:१३). काटा आणि वजने खरी ठेवा (१९:३५-३६). कापूस वेचणाऱ्या बाईचे पैसे बाजाराच्या दिवसापर्यंत थांबवणे, खेडा खरेदीत बंडीवर टांगलेल्या काट्याला हळूच बोट लावणे, हे कमिटीपुढे क्वचितच आले. मजुरी देणारा बहुधा कमिटीतच बसलेला असे.

परतफेडीचा हिशोब तर पार मागे पडला. लेवीय ६:१-७ मध्ये तो नेमका आहे: घेतलेली मूळ वस्तू, वर पाचवा हिस्सा, आणि हे सगळे मालकाच्या हातात, अर्पण आणायच्या त्याच दिवशी. वजनात ४० किलो कापूस मारला असेल तर ४८ किलोचे पैसे. मालक मेला आणि जवळचे कोणी नसेल तर ती रक्कम याजकाकडे (गणना ५:८). जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केले (लूक १९:८), म्हणजे त्याच ४० किलोचे १६०, शिवाय निम्मी मालमत्ता गरिबांना. चौपट हा मेंढरू चोरून मारले किंवा विकले तर लागणारा दर (निर्गम २२:१). तो त्याने स्वतःहून लावून घेतला. सगळ्यांना चौपट लावणारे उपदेशक हा फरक विसरतात, आणि मग भीतीने कोणी पाचवा हिस्साही देत नाही.

क्रम उलटा पडला की बिघडते. उज्जीवन सभेत माणूस आधी व्यासपीठावर साक्ष देतो. ज्याचे घेतले त्याला ते दुसऱ्याच्या तोंडून, चहाच्या टपरीवर कळते. मत्तय ५:२३-२४ चा क्रम वेगळा: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. दुसरी नेहमीची चूक अशी की कबुली देताना सोबतच्या माणसाचे नाव घेतले जाते. जोडीने झालेल्या पापात एकाने मन मोकळे केले की दुसऱ्याचे, बहुधा बाईचे, गावात राहणे कठीण होते. तिसरी चूक मजुरी थकवून दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) मंडळीत भरण्याची. पावती मिळते, हिशोब तसाच राहतो.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रोटेस्टंट पंथांच्या मंडळ्यांचे एकत्रीकरण होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. त्यातल्या काहींत पापाची कबुली उपासनेच्या पुस्तकातून सगळे मिळून म्हणतात, काहींत वर्गाची आणि वैयक्तिक शिस्तीची परंपरा होती. पवित्रीकरणवाल्या मंडळ्या त्यात गेल्या नाहीत. त्यामुळे आज एकाच तालुक्यात, एकाच चुकीला, एका मंडळीत रविवारची सामूहिक कबुली पुरते आणि दुसरीत प्रभुभोजन थांबते. मत्तय १८:१५-१७ मात्र दोन्हींकडे वाचले जाते: आधी एकट्याने जाऊन बोल, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीला सांग. खेड्यात सहसा तिसरी पायरी पहिली होते, कारण एकट्याने जाऊन बोलणे म्हणजे भाऊबंदकीत उतरणे.

शिस्तीच्या ठरावाचा नेहमीचा मसुदा पाहिला तरी हे दिसते. सभासदाचे नाव, दोष, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत प्रभुभोजन बंद, खाली सह्या. कोणाचे काय परत करायचे, कधीपर्यंत, ते झाले की नाही हे कोणी पाहायचे, यासाठी त्यात ओळच नसते.