रूर: कोळशाच्या वाटेवरचे पर्यटक

जर्मनीतलं रूर खोरं आपल्याला भेटतं ते शाळेच्या भूगोलात, कोळसा आणि पोलाद या जोडीबरोबर. आज त्याच खोऱ्यातल्या 53 गावा-शहरांत मिळून सुमारे 50 लाख लोक राहतात, आणि बंद पडलेल्या खाणी बघायला बाहेरून माणसं येतात, त्यातली बरीचशी सायकलवरून. ती ज्या वाटांनी फिरतात त्या मुळात माणसांसाठी नव्हत्याच.

पहिली वाट नदीची. 1780 पर्यंत रूर नदीवर ठिकठिकाणी जलपाश (नावांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारे दरवाज्यांचे हौद) बांधून झाले आणि कोळशाच्या नावा ऱ्हाइनच्या संगमावरच्या रूरोर्टपर्यंत जाऊ लागल्या. मग 1847 मध्ये कलोन ते मिंडेन हा लोहमार्ग पूर्ण झाला. तो आखताना जुन्या, नावाजलेल्या एसेन शहराला दक्षिणेला सोडून एमशर नदीकाठची सपाट जमीन धरली, कारण टेकड्या खोदण्यापेक्षा तिथे रूळ टाकणं सोपं. वाटेत एका माळरानावर स्टेशन झालं. जवळ गाव नव्हतं, म्हणून एका गढीवरून त्याला ओबरहाउझेन नाव मिळालं. स्टेशनाभोवती कारखाने, चाळी, दुकानं उभी राहिली आणि 1862 मध्ये तिथे रीतसर नगरपालिका आली. एरवी गावाला स्टेशन मिळतं, इथे स्टेशनाला गाव मिळालं.

माणसांची वाहतूक मागून आली, तीही तुकड्या-तुकड्यांनी. प्रत्येक शहराची ट्राम वेगळी आणि रुळांची रुंदीही वेगळी. एसेन-बोखुमला मीटरगेज, तर ड्युसबर्ग-डॉर्टमुंडला त्याहून रुंद. एकच तिकीट सगळीकडे चालावं यासाठीचा वाहतूक संघ 1980 मध्ये कामाला लागला. तिकीट एक झालं, रूळ मात्र अजून वेगळेच आहेत.

1958 पासून स्वस्त तेल आणि आयात कोळशापुढे इथल्या खाणी टिकेनात. एसेनची त्सोलफेराइन ही रोज सुमारे 12,000 टन कोळसा काढण्यासाठी बांधलेली खाण 1986 मध्ये बंद झाली. त्याच्या वर्षभर आधी ड्युसबर्गमधल्या माइडरिखच्या, लोखंड गाळणाऱ्या झोतभट्ट्या विझल्या होत्या. हे सगळं पाडून भंगारात काढावं, असं अनेकांचं म्हणणं होतं. ते चूक कसं म्हणावं? जिथे नोकरी गेली तिथेच तिकीट काढून फिरायला जायची कल्पना कुणालाही विचित्रच वाटेल. राज्य सरकारने मात्र 1989 मध्ये एमशर पार्क नावाचा दहा वर्षांचा प्रकल्प हाती घेतला. त्याचे प्रमुख कार्ल गान्झर यांचा आग्रह होता की पाडू नका, वापर बदला. माइडरिखच्या भट्ट्यांभोवती उद्यान झालं. तिथल्या जुन्या वायूच्या टाकीत पाणी भरलंय आणि हौशी लोक त्यात डायव्हिंग शिकतात. खनिजाच्या आणि कोळशाच्या रेल्वेमार्गांचे रूळ निघाले, तिथे सायकलवाटा आल्या. मालगाडीला चढ सोसत नाही, त्यामुळे या वाटा सपाट आणि रस्त्यांच्या वरून पुलांनी जाणाऱ्या. सायकलवाल्याला आणखी काय हवं!

सगळ्यात चिवट काम एमशरचं. खाणींमुळे जमीन खचत राहायची, जमिनीखालच्या गटारी फुटल्या असत्या. म्हणून अख्ख्या नदीलाच सिमेंटचं उघडं गटार करून टाकलं होतं. खाणकाम थांबल्यावर जमीन स्थिरावली, मग सांडपाणी भुयारी नळांत घालायला तीस वर्षं आणि सुमारे साडेपाच अब्ज युरो लागले. 2021 च्या अखेरीस नदीत सांडपाणी येणं थांबलं. तिच्या काठाने सायकलने फिरण्यात तोवर फारशी मजा नव्हती, नाक दाबून सायकल कशी चालवणार?

त्सोलफेराइनला 2001 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. कोळसा धुण्याच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. लांबलचक सरकत्या जिन्याने पर्यटक आधी उंचावर जातो आणि मग एकेक मजला खाली उतरतो. कोळसाही याच क्रमाने फिरायचा.

2010 मध्ये रूर युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. 18 जुलैला डॉर्टमुंड-ड्युसबर्ग महामार्गाचा सुमारे 60 किलोमीटरचा पट्टा गाड्यांना बंद ठेवून त्यावर 20,000 टेबलं मांडली. सुमारे 30 लाख लोक आले. सहाच दिवसांनी, ड्युसबर्गच्या जुन्या मालधक्क्यावरच्या संगीत महोत्सवात बोगद्यातून आत-बाहेर करणारी गर्दी एकमेकांत अडकली आणि 21 जण मेले. मालासाठी बांधलेल्या जागेत माणसं आणायची तर नुसता रंग देऊन भागत नाही.

21 डिसेंबर 2018 रोजी बोट्रॉपच्या प्रॉस्पर-हानिएल खाणीतून वर आलेलं दगडी कोळशाचं शेवटचं ढेकूळ राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हाती देण्यात आलं. ड्युसबर्गच्या पोलाद भट्ट्या मात्र चालूच राहिल्या. त्यांना लागणारा कोळसा आता समुद्रापलीकडून येतो, ऱ्हाइनच्या प्रवाहाविरुद्ध वर चढत.