परदेशी पैसा आला म्हणजे खाडी गेली?

वेंगुर्ला-मालवणकडे ही गजाल जुनी आहे: कांदळवनाच्या (खाडीकाठच्या खारफुटीच्या) अभ्यासाला परदेशी पैसा घेतला की खाडी देणाऱ्यांची झाली. साफ चूक. हे अनुदान असतं, कर्ज नाही की गहाणखत नाही; सातबाऱ्यावर देणाऱ्याचं नाव चढत नाही. हरित हवामान निधीनं (विकसनशील देशांना हवामान बदलाच्या कामांसाठी पैसा देणारा आंतरराष्ट्रीय निधी) २०१८ मध्ये महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी मिळून सुमारे ४.३४ कोटी डॉलर मंजूर केले. आपल्याकडे काम पाहतो तो राज्याचाच कांदळवन कक्ष, २०१२ पासूनचा.

पैसा जातो कुठे? ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून खोडाचा घेर टेपनं मोजायचा, खाऱ्या पाण्याचे नमुने बाटलीत भरायचे, कांदळाच्या लांबट शेंगा उभ्या रोवायच्या. (चप्पल मात्र चिखलातच राहते.) अटी असतात, पण त्या हिशेबाच्या आणि अहवालाच्या.