स्वयंरचित रेणुस्तरांची वाढ : अरेषीय प्रकाशीय अभ्यास

सोन्याचा स्वच्छ थर दिलेली काच अल्केनथायॉलच्या (कार्बनची लांब साखळी आणि एका टोकाला गंधक असलेल्या रेणूंच्या) द्रावणात बुडवली, की रेणूंच्या टोकाचे गंधक सोन्याला बांधले जाते आणि साखळ्या शेजारीशेजारी उभ्या राहून एका रेणूइतक्या जाडीचा थर तयार होतो. यालाच स्वयंरचित एकस्तर म्हणतात. नझो आणि अलारा यांनी १९८३ मध्ये डायसल्फाइडे (दोन गंधक अणू एकमेकांना जोडलेली संयुगे) वापरून सोन्यावर असे थर बसवले. १८ कार्बनांच्या थायॉलचा थर जेमतेम २ नॅनोमीटर भरतो, आणि त्यातल्या साखळ्या लंबापासून सुमारे ३० अंश कललेल्या असतात.

एवढा पातळ थर द्रावणात वाढत असताना पाहायचा कसा? भोवतालच्या द्रवातही तेच रेणू असल्याने साध्या वर्णपटात पृष्ठभागाची खूण बुडून जाते. इथे द्वितीय संनादी निर्मिती, म्हणजे प्रकाशाची कंप्रता दुप्पट होण्याची अरेषीय क्रिया, कामी येते. तीव्र लेसर झोताची कंप्रता काही पदार्थांत दुप्पट होते, हे १९६१ मध्ये फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी क्वार्ट्झमध्ये दाखवले. सोन्याच्या स्फटिकाच्या आतल्या भागात किंवा द्रवात सममितीमुळे ही क्रिया जवळपास होत नाही. दोन माध्यमांच्या सीमेवर सममिती मोडते, त्यामुळे १०६४ नॅनोमीटरच्या झोतातून येणारा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश मुख्यतः पृष्ठभागाचीच वार्ता देतो.

गंधक बांधला गेला की सोन्याच्या पृष्ठभागावरचे मोकळे इलेक्ट्रॉन जखडले जातात आणि हा हिरवा संकेत घटतो. मात्र या घसरणीवरून थेट व्याप्ती, म्हणजे पृष्ठभागाचा किती भाग झाकला गेला ते, वाचणे चुकीचे आहे. मोजली जाते ती तीव्रता, आणि ती आयामाच्या (प्रकाशलहरीच्या उंचीच्या) वर्गाच्या प्रमाणात असते : आयाम निम्मा झाला, तर तीव्रता चौथाईवर येते. म्हणून आधी वर्गमूळ घेऊन, लहरीची कलाही (फेज) लक्षात धरूनच आलेख काढावा लागतो. १ मिलिमोलर द्रावणात गंधक बसण्याचा पहिला टप्पा फार झटपट उरकतो, त्यामुळे असे प्रयोग त्याहून कितीतरी विरळ, मायक्रोमोलर द्रावणांत करतात.

जागा व्यापली म्हणजे थर तयार झाला, असे नव्हे. बेन, व्हाइटसाइड्स आणि सहकाऱ्यांच्या १९८९ च्या मोजमापांतही मिनिटांच्या जलद टप्प्यामागून तासन्‌तास चालणारा संथ टप्पा दिसला होता. त्यात काय घडते, हे बेरीज-कंप्रता वर्णपटमापन उलगडते. या पद्धतीत एक दृश्य आणि एक अवरक्त झोत एकाच बिंदूवर पाडतात आणि दोघांच्या कंप्रतांच्या बेरजेइतक्या कंप्रतेचा प्रकाश मोजतात. साखळी सरळ असली, की तिच्यातल्या मेथिलीन (CH₂) गटांचे संकेत सममितीमुळे एकमेकांना पुसतात; वाकडी असली, की अवरक्त झोताच्या २८५० प्रतिसेंमी. या तरंगसंख्येच्या आसपास शिखर उमटते. थर पिकत जातो तसे हे शिखर मावळते आणि टोकाच्या मेथिल (CH₃) गटाचे, २८७८ च्या जवळचे शिखर उठून दिसते. गंधक कधीचा बसलेला असतो. साखळ्या मात्र अजून सरळ होत असतात. या पद्धतीची अडचण द्रावकाची : तो अवरक्त किरण शोषतो, म्हणून बहुधा काच ठरावीक वेळाने बाहेर काढून, धुऊन, सुकवूनच मोजावी लागते.